मुलुंडहून गोरेगाव, व्हाया दादर

मी राहतो मुलुंडला आणि ऑफिस आहे गोरेगाव ईस्टला. नकाशा उघडून बघा, मधे नॅशनल पार्कचा डोंगर, त्याच्या एका अंगाला मी आणि दुसऱ्या अंगाला ऑफिस, अंतर जेमतेम बारा किलोमीटर. आता ट्रेनने जायचं म्हटलं तर मुलुंडहून दादरला बावीस किलोमीटर, मग दादरचा तो पूल, ती चेंगराचेंगरी, आणि परत तिकडून गोरेगावपर्यंत सोळा-सतरा किलोमीटर. बारासाठी जवळजवळ चाळीस. रस्त्याने जायचं तर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, म्हणजे आपला जेव्हीएलआर, तिथे गांधीनगरच्या सिग्नलला बस एकदा अडकली की माणूस मोबाईलवर एक अख्खा एपिसोड बघून संपवतो आणि वर बघतो तर समोर तोच सिग्नल.

हे रडगाणं वाटेल, थोडंफार आहेच. पण यातून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसलीय. उपनगरांचं नाव निघालं की सगळे बोलतात ते 'मुंबईपासून किती लांब' यावर. चर्चगेट किती मिनिटं, सीएसएमटी किती मिनिटं, बिल्डरच्या जाहिरातीत पण तेच. अरे पण मला सीएसएमटीला जायचंच नाहीये! मला गोरेगावला जायचंय. माझ्या बहिणीला घाटकोपरहून मालाडला जायचंय. आमच्या बिल्डिंगमधल्या दोघा-तिघांना अंधेरीला. उपनगरातून उपनगरात जाता येत नाही हे आमचं खरं दुखणं आहे, आणि ते काही डोंगरामुळे आपोआप झालेलं नाही, दोनशे वर्षं सगळं एकाच दिशेने बांधत गेल्यामुळे झालंय. म्हणून मला वाटतं की दक्षिणेकडे पळणारा अजून एक रस्ता बांधायच्या आधी पूर्व-पश्चिम जाणाऱ्या बस, मेट्रो, ट्रेनवर पैसा लागला पाहिजे. आधी, म्हणजे खरंच आधी. उरलेल्या पैशातून नाही.

जरा मागे जाऊन बघू, कारण 'उपनगर' हा शब्दच मुळात गंडलेला आहे. उप म्हणजे काय, आधी नगर झालं आणि मग त्याच्या कडेकडेने आपण वाढलो. इथे उलटं आहे. ज्याला आपण उपनगर म्हणतो ते साष्टी बेट, आणि साष्टीत माणसं कधीची नांदत होती ते बघायचं तर कान्हेरीला जाऊन या. दोन हजार वर्षांपूर्वीपासून त्या डोंगरात लेणी खोदली जात होती, शंभरावर लेणी आहेत, पाण्याची टाकी आहेत, आणि शिलालेखांत दानांच्या नोंदींबरोबर गावांची नावं लिहिलीत. त्यात कल्याण आहे, सोपारा आहे, आपलं मागाठाणे पण आहे. म्हणजे कल्याणचा व्यापारी पूर्वेकडून यायचा, सोपाऱ्याचा पश्चिमेकडून यायचा आणि दोघं त्याच डोंगरात भेटायचे जो डोंगर मधे आहे म्हणून आज मला गोरेगावला जाता येत नाही असं सांगतात. शिवाय कोंडिविट्याची महाकाली लेणी, जोगेश्वरी, मंडपेश्वर. हे सगळं होतं तेव्हा फोर्ट नावाचा भाग कुणाच्या स्वप्नात पण नव्हता.

मग पोर्तुगीज आले, १५३४ ला वसईच्या तहात हा पट्टा त्यांच्याकडे गेला. मुंबईची बेटं पुढे १६६१ च्या लग्नात इंग्रजांना आंदण मिळाली, पण साष्टी काही मिळाली नाही, ती पोर्तुगीजांकडेच राहिली, आणि १७३७ ते ३९ च्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी ठाणे-साष्टी-वसई घेतली. इंग्रजांच्या हाती साष्टी लागली ती थेट १७७४ च्या शेवटी. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं माहीमची खाडी ही दोन राज्यांमधली सरहद्द होती, अलीकडे कंपनी, पलीकडे आधी फिरंगी आणि मग पेशवे. शीवचा किल्ला, माहीमचा किल्ला, रिवाचा बुरूज हे सगळे त्या सरहद्दीवरचे पहारेकरी. थोडक्यात शहराने आमच्याकडे पहिल्यांदा नीट लक्ष दिलं ते तोफेच्या मागून. (शीवला मावशीकडे गेलो की किल्ल्यावर चढून मी हा जोक करतो, कोणी हसत नाही.)

सरहद्द गेल्यावर पूल आले. शीवचा कॉजवे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला आणि माहीमचा १८४५ ला, तो पण सरकारने पैसे द्यायला नाही म्हटलं तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी यांनी दीड लाखाच्या वर रुपये स्वतःचे घातले म्हणून. मग १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे, आणि १८६७ ला विरारहून पश्चिमेची लोकल. आता या दोन्ही लायनी कशासाठी टाकल्या होत्या? एक घाट चढून दख्खनचा कापूस आणायला, दुसरी गुजरातचा आणायला, दोन्ही बंदराकडे. अंधेरीच्या माणसाने घाटकोपरला जावं हा विचार कोणाच्या मनात असायचं कारणच नव्हतं, तेव्हा ती खेडी होती. त्यात चूक काढण्यासारखं काही नाही. चूक ही की पुढची दीडशे वर्षं आपण त्याच दोन रेघा गिरवत बसलो. आजही रेल्वेच्या भाषेत सीएसएमटीकडे जाणारी गाडी 'अप' आणि मुलुंडकडे येणारी 'डाऊन'. नकाशात बघाल तर मुलुंड वर आहे आणि सीएसएमटी खाली, पण चढतो आपण तिकडेच.

आणि गंमत माहितीये का, एक आडवी लाईन होऊन गेलीय. फार कमी लोकांना माहिती असते, मलाही बऱ्याच उशिरा कळलं. तुर्भ्याहून, म्हणजे आपल्या चेंबूरकडच्या ट्रॉम्बेहून, कुर्ल्यावरून अंधेरीला जाणारी तेरा किलोमीटरची रेल्वे १९२८ ला सुरू झाली होती. सहा वर्षं चालली आणि १९३४ ला बंद, रूळ पण उखडले. त्यानंतर पूर्व आणि पश्चिम उपनगरांना अशी आडवी जोडणारी पुढची रुळावरची गाडी कधी आली तर वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो, ८ जून २०१४. बरोबर ऐंशी वर्षं! या ऐंशी वर्षांत कुर्ला-अंधेरी पट्ट्यात विमानतळ आला, कारखाने आले, गेले, त्यांच्या जागी मॉल आणि आयटीची ऑफिसं आली, माणसं लाखोंनी आली, फक्त ती एक गाडी परत आली नाही. ती मेट्रो सुरू झाल्यावर काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. सव्वाअकरा-साडेअकरा किलोमीटर, बारा स्टेशनं, एकवीस मिनिटं. सकाळी घाटकोपरच्या पुलावर जी गर्दी मेट्रोकडे वळते ती उभं राहून एकदा बघाच. 'पूर्व-पश्चिम डिमांड आहे का' याचा सर्वे करायला कुणाला पैसे द्यायची गरज नाही.

आता जरा कडू भाग.

शहर आणि उपनगर यांच्यात देवाणघेवाण नव्हती असं नाही, भरपूर होती. फक्त चांगलं दक्षिणेला जायचं आणि नको ते उत्तरेला यायचं. पाणी बघा. १८६० ला विहार तलाव झाला तो साष्टीत, मिठी नदीचं पाणी अडवून, आणि नळाने गेलं कुठे तर बेटावरच्या शहरात. १८७९ ला तुळशी, तेही तसंच. बदल्यात काय आलं? कचरा. कुर्ला-चेंबूरची लाईन १९०६ ला टाकली ती माणसांसाठी नव्हती, शहराचा कचरा चेंबूरच्या दलदलीत नेऊन ओतायला होती, माणसांना त्यावरून प्रवास करायला १९२४ उजाडावं लागलं. म्हणजे त्या रुळांवर कचऱ्याचा नंबर आपल्या आधी अठरा वर्षं. मग १९२७ पासून देवनारचं डम्पिंग. कत्तलखाना आधी शहरातून निघून वांद्र्याला आला होता, वांद्रे सुधारलं, तिथे बंगले झाले, वास नको झाला, मग १९७१ ला तो पण देवनारला. रिफायनऱ्या पन्नाशीच्या दशकात ट्रॉम्बेला. माणसांचं पण तेच. शहरातून उठवलेल्या झोपडीवाल्यांना मानखुर्दजवळ जनता कॉलनीत आणून बसवलं, आणि ती जागा शेजारच्या अणुकेंद्राला हवी झाली तेव्हा १९७६ ला त्यांना तिथूनही उचलून चीता कॅम्पला टाकलं. पुढे नाल्याकाठची, पाइपलाइनकाठची घरं तुटली तेव्हा लोकांना रिफायनरीला लागून माहुलला पाठवलं. हे सगळं पालिकेच्या एकाच एम-ईस्ट वॉर्डात, म्हणजे देवनार-मानखुर्दच्या पट्ट्यात, किंवा त्याच्या उंबऱ्यावर. एका वॉर्डाने किती सोसायचं?

हे जुनं झालं, आता तसं नाही असं कोणी म्हणेल. मग टीडीआर बघा, तो काही इंग्रजांनी आणलेला नाही. १९९१ च्या विकास नियमावलीत आला. तुमची जमीन रस्त्याला, बागेला, शाळेला गेली तर पैशाऐवजी बांधकामाचा हक्क कागदावर मिळणार, तो विका किंवा दुसरीकडे वापरा. आयडिया वाईट नाही. पण त्यातली मेख अशी की हा हक्क आयलंड सिटीत, म्हणजे दक्षिणेच्या बेटावरच्या शहरात, वापरायला बंदी, उपनगरात वापरायचा, आणि उपनगरातही जिथली जमीन गेली तोच वॉर्ड किंवा त्याच्या उत्तरेचे वॉर्ड. म्हणजे बांधकामाचा भार कायद्यानेच उत्तरेकडे सरकवत न्यायचा. शहराच्या गर्दीवर उपाय म्हणून हे केलं, हेतू समजतो, पण उत्तरेला तेवढे रस्ते, तेवढी गटारं, तेवढ्या ट्रेन आहेत का हे आधी कोणी विचारलं? आमच्या गल्लीत माझ्या लहानपणी सगळ्या तीन मजली बिल्डिंगी होत्या. टीडीआर लोड होत होत सात मजले झाले, मग रिडेव्हलपमेंट, आता कुठे पंधरा तर कुठे बावीस. गल्ली तेवढीच. समोरासमोर दोन स्कूल बस आल्या की एकीने नाक्यापर्यंत रिव्हर्स घ्यायची, वॉचमन शिट्टी मारतो, मागे पाण्याचा टँकर उभा. आता नियम बदलून टीडीआर रस्त्याच्या रुंदीवर ठरवलाय, चांगलंच केलं, पण तेव्हा चढलेले मजले कोण उतरवणार.

लोकसंख्येचे आकडे बघितले की हा सगळा हिशोब समोर येतो. २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेतेहतीस लाखांच्या आसपास होती ती एकतीस लाखांच्या खाली आली, आणि उपनगर जिल्हा ८६ लाखांवरून ९३ लाखांच्या पुढे गेला. बृहन्मुंबईत चारातली तीन माणसं उपनगरात राहतात. विधानसभेच्या ३६ जागांपैकी २६ आमच्या. आता सांगा उपनगर कोण आणि नगर कोण? तरी महापालिकेची मोठी मेडिकल कॉलेजवाली हॉस्पिटलं बघाल तर केईएम परळला, नायर मुंबई सेंट्रलला, आणि सायनचं सायनला. उपनगरात पालिकेचं पहिलं मेडिकल कॉलेज कूपरला आलं ते २०१५ ला. बोरिवलीचा पेशंट घेऊन नातेवाईक परळला जातात हे आम्हाला इतकं सवयीचं झालंय की त्यात काही विचित्र आहे असं वाटत पण नाही.

एक गोष्ट मात्र आधीच्या लोकांनी छान केली होती. पहिली उपनगरं नुसती झोपायला जायची ठिकाणं नव्हती. पार्ल्यात १९२१ ला टिळक विद्यालय निघालं, १९२३ ला लोकमान्य सेवा संघ. वांद्र्यात सोसायट्या झाल्या. तेव्हा पार्लं मुंबई महापालिकेत पण नव्हतं. १९२० ला मुंबई उपनगर जिल्हा निघाला तोवर हा सगळा ठाणे जिल्हा, आणि पालिकेची हद्द १९५० ला अंधेरी-भांडुपच्या बाजूला सरकली आणि १९५७ ला आमचं मुलुंड आणि तिकडे दहिसर आत आलं. माझी आजी शेवटपर्यंत दादरला जाताना 'मुंबईला जाऊन येते' म्हणायची आणि आम्ही हसायचो, आजी आपण मुंबईतच राहतो म्हणून. आता वाटतं की तिचंच बरोबर होतं, तिच्यासाठी मुलुंड हे एक गाव होतं, त्याला स्वतःचं असं सगळं होतं, ते कोणाचं मागचं अंगण नव्हतं.

भूगोलाचं पण एक सांगायलाच हवं. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरात, एकाच दिवशी. मी तेव्हा कॉलेजात होतो, पवईच्या पुढे कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आलो, रात्री दोन वाजता, आणि फोर्टात नोकरी करणाऱ्या काकांचं म्हणणं काय तर दुपारपर्यंत तिकडे कोणाला काही पत्ताच नव्हता. यात कुणाचा दोष नाही, ढग कुठे फुटावा हे कोण ठरवणार. पण त्या दिवशी कळलं की साष्टी हा वेगळाच प्रदेश आहे. मधे डोंगर, त्यातून निघणाऱ्या मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्या, ज्यांना आपण इतकी वर्षं बिनधास्त नाला म्हणत आलो, आणि खाली खाडीची दलदल. मिठीला विमानतळाच्या धावपट्टीसाठी काटकोनात वळवली, तोंडाशी भर घालून बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, उभं केलं. पाणी आपला रस्ता विसरत नाही. उपनगराचं प्लॅनिंग दक्षिणेच्या चष्म्यातून केलं की नदीचा नाला दिसतो, आणि डोंगर म्हणजे वाटेतला अडथळा.

अडथळ्यावरून आठवलं, कारण इथे माझ्याच बाजूचे लोक घसरतात. पूर्व-पश्चिम पाहिजे म्हणजे नॅशनल पार्क कापा असं मी अजिबात म्हणत नाहीये. शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं जंगल शहराच्या मधोमध आहे, बिबटे आहेत, दोन तलाव आहेत, ते आहे म्हणून इथे श्वास घेता येतो. गोरेगाव-मुलुंड लिंक रोड होतोय, बारा किलोमीटरचा, त्यात डोंगराखालून ४.७ किलोमीटरचे दोन बोगदे. जंगलाच्या वरून जाण्यापेक्षा खालून गेलेलं परवडलं. मला तर त्याचा थेट फायदा, दारातून ऑफिसात. तरीही मी टाळ्या वाजवत नाहीये, कारण त्यात येता-जाता तीन-तीन लेन आहेत आणि त्यातली एकही फक्त बससाठी राखलीय असं मी कुठे वाचलेलं नाही. मग काय होणार? जेव्हीएलआरचं झालं तेच. लिंक रोड झाला, आसपास टॉवर झाले, टॉवरमधल्या गाड्या रस्त्यावर आल्या, रस्ता भरला. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड २०१४ ला सुरू झाला तेव्हा आम्ही सगळे खूश होतो, आज संध्याकाळी सात वाजता तिथून जाऊन दाखवा.

मेट्रो ६, म्हणजे लोखंडवाला ते विक्रोळी, जेव्हीएलआरवरूनच जाणारी, ती खरी पाहिजे. तिचे खांब कित्येक वर्षं आम्ही बसच्या खिडकीतून बघतोय, मधे कांजूरच्या कारशेडच्या जागेवरून केंद्र-राज्य कोर्टकचेरी झाली, आणि मी हे लिहितोय तोवर गाडी काही धावलेली नाही. तेवढ्या काळात दक्षिणेला कोस्टल रोड झाला पण, साडेदहा किलोमीटर, समुद्रात भर घालून, खाली बोगदे, वर टोल नाही. कोस्टल रोड वाईट आहे असं नाही, एकदा मित्राच्या गाडीतून गेलो, मस्त वाटलं. पण त्याचा खरा फायदा घ्यायला गाडी लागते, आणि आमच्या बसस्टॉपवर जे उभे असतात त्यांच्याकडे ती नसते. भांडुपच्या डोंगरावरून उतरून पवईला घरकामाला जाणाऱ्या बायका असतात, अंधेरीच्या सीप्झ या निर्यातीच्या औद्योगिक वसाहतीत दागिन्यांच्या युनिटला जाणारी पोरं असतात, एक नर्स असते जी कायम शेवटच्या पायरीवर उभी राहते कारण तिला पहिलं उतरायचं असतं.

'पण नोकऱ्या तर टाऊनला आहेत ना' हे अजून ऐकू येतं. सीप्झ १९७३ चं आहे, बीकेसीचं प्लॅनिंग १९७५ नंतरचं. मरोळ, पवई, मालाड, गोरेगाव, विक्रोळी, सगळीकडे काच लावलेल्या बिल्डिंगा उभ्या आहेत, हायकोर्ट सुद्धा वांद्र्याला यायला निघालंय. नोकऱ्या कधीच्या वर आल्या, ट्रेनच अजून खाली चाललीय.

आणि याचा परिणाम फक्त प्रवासावर होतो असं नाही. लग्नाच्या बाजारात विचारा. मुलगा चांगला आहे, पगार बरा आहे, घर स्वतःचं आहे, पण 'सेंट्रलला राहतो', म्हणजे मध्य रेल्वेच्या बाजूला. बोरिवलीच्या मुलीच्या आईने हे वाक्य आमच्या घरात बसून, चहा पिता पिता म्हटलेलं आहे, पुण्याचं स्थळ त्यांना चाललं असतं. तेव्हा राग आला होता, आता कळतं की बाई प्रॅक्टिकल होत्या. बोरिवलीहून मुलुंडला माहेर-सासर करायचं म्हणजे दादरला गाडी बदलून अडीच तास, पोर कडेवर घेऊन. पुण्याला निदान थेट गाडी आहे.

बोगदा व्हायला अजून वेळ आहे. तेवढ्यात तीनातली एक लेन बसची असं आत्ताच कागदावर आणता येतं, आमच्या २६ आमदारांपैकी एकाने जरी विचारलं तरी. जेव्हीएलआरवर मेट्रोचे पत्रे निघाले की तिथेही. याला ना समुद्रात भर घालावी लागत, ना डोंगर फोडावा लागत, रंगाचा डबा आणि दंड करणारा एक पोलीस लागतो.

परवा बसमध्ये एक आजोबा चढले, हातात डबा, नातवाकडे गोरेगावला निघाले होते. गांधीनगरला पंधरा मिनिटं झाल्यावर त्यांनी कंडक्टरला विचारलं, गोरेगाव किती वेळ आहे हो? तो म्हणाला, काका, आधी पवई येऊ द्या, मग विचारा.